शेवटची तारीख आणि एक इनर क्लास

गुरुवारी रात्री बारा वाजता शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपते. अर्ज पाच टप्प्यांचा आहे: वैयक्तिक माहिती, शिक्षण, उत्पन्न आणि दाखले, बँक खातं, शेवटी पावती. पाचही टप्पे एकाच जेएसपी पानात आहेत. पान टॉमकॅट ९ वर चालतं, खाली जावा ८ आहे.

हे पोर्टल, त्यातली माणसं आणि पुढच्या वेळा मी रचल्या आहेत. दोष मात्र एकही रचलेला नाही. टॉमकॅट असाच वागतो, कंपायलर हेच सांगतो, आणि अशी पानं आजही अनेक कचेऱ्यांमध्ये चालू आहेत. अपघाताच्या अहवालात बहुधा शेवटचा तास लिहिला जातो. कुणीतरी एक ओळ लिहून घरी गेलं तो पहिला तास त्यात नसतो, म्हणून इथे सुरुवात तिथूनच केली आहे.

बुधवार, संध्याकाळी ५. उरले ३१ तास.

वरून निरोप येतो: उत्पन्नाच्या टप्प्यावर आणखी एक तक्ता हवा, उद्या सकाळपर्यंत. तक्ता घातला जातो आणि पान उघडायचं बंद होतं. कंपायलरची तक्रार अशी की ‘_जेएसपीसर्व्हिस’ या मेथडने ६५,५३५ बाइटची मर्यादा ओलांडली आहे.

जेएसपी पान दिसतं एचटीएमएलसारखं, पण सर्व्हरच्या दृष्टीने तो जावाचा एक क्लास असतो. कुणी पहिल्यांदा पान मागितलं की टॉमकॅटमधलं जॅस्पर त्या पानाची जावा फाइल तयार करतं. त्यात पानाच्या नावाचा क्लास असतो आणि त्या क्लासमध्ये एक लांबलचक मेथड. एचटीएमएलच्या ओळी त्या मेथडमध्ये ‘आउट डॉट राइट’ होऊन बसतात, <% %> मधला जावाही तिथेच जातो. जावाच्या क्लास फाइलची रचना मात्र एका मेथडला ६५,५३५ बाइटच्या पुढे जाऊ देत नाही. ही अट पहिल्यापासून आहे आणि अजून उठलेली नाही. दरवर्षी दोन-चार रकाने वाढवत आलेलं पान आज त्या भिंतीला जाऊन टेकलं.

पान फोडून पाच पानं करायला हवीत, हे टीममध्ये सगळ्यांना कळतं. त्याला आठवडा लागेल. दुसरा मार्ग झटपट आहे. <%! %> असा उद्गारचिन्हाचा कंस वापरला की आतला मजकूर मेथडमध्ये न जाता थेट क्लासच्या अंगात जातो. तिथे ‘तक्ता’ नावाचा इनर क्लास लिहायचा आणि छपाईचं काम त्याच्या मेथडकडे सोपवायचं. मर्यादा दर मेथडला वेगळी असल्यामुळे पान पुन्हा बसतं. लिहिणारा मुलगा हुशार आहे. हात लागलाच आहे तर तो आणखी एक इनर क्लास लिहितो, ‘अर्ज’. विद्यार्थ्याने आतापर्यंत भरलेलं सगळं या ऑब्जेक्टमध्ये ठेवायचं आणि ऑब्जेक्ट सेशनमध्ये टाकायचा, म्हणजे पुढच्या टप्प्यावर माहिती हाताशी राहते.

इथवर काही बिघडलेलं नाही.

बुधवार, संध्याकाळी ६. उरले ३० तास.

कंपायलरचा नवा निरोप येतो: ‘तक्ता’ क्लासमध्ये ‘आउट’ म्हणजे काय ते समजत नाही.

मुलगा बुचकळ्यात पडतो. जेएसपीत ‘आउट’, ‘रिक्वेस्ट’, ‘सेशन’ ही नावं कुठेही न सांगता मिळतात, ती पानाच्या मालकीची आहेत असंच शिकताना वाटतं. प्रत्यक्षात ती त्या लांबलचक मेथडची स्थानिक व्हेरिएबल्स असतात. एक विनंती आली की ती जन्मतात आणि उत्तर गेलं की संपतात. इनर क्लास त्या मेथडच्या बाहेर उभा आहे, त्याला ती दिसणार कशी? क्लास <% %> मध्ये लिहिला असता तर ‘रिक्वेस्ट’ मिळाली असती, कारण जॅस्पर तिला फायनल म्हणून जाहीर करतं. ‘आउट’ तसं जाहीर होत नाही, त्यामुळे ते तिथेही अडलं असतं.

बरोबर उपाय एका ओळीत सांगता येतो: ‘तक्ता’च्या मेथडला ‘आउट’ पॅरामीटर म्हणून द्यायचं. पण ‘तक्ता’त मेथडी बऱ्याच आहेत, त्या एकमेकींना बोलावतात, आणि प्रत्येकीची पॅरामीटर यादी बदलावी लागेल. त्याऐवजी मुलगा त्याच कंसात, ‘तक्ता’च्या वर, एक फील्ड जाहीर करतो, ‘जेएसपीरायटर ओ’, आणि पानाच्या सुरुवातीला लिहितो: ओ बरोबर आउट. इनर क्लासला बाहेरच्या क्लासचं फील्ड दिसतंच. लाल रेघ जाते आणि पान चालू लागतं.

या घटनाक्रमातला निर्णायक क्षण हाच आहे आणि त्यावर मला थांबायचं आहे. इनर क्लास जावात १.१ आवृत्तीबरोबर आले, १९९७ साली. तेव्हा जावात खिडक्या आणि बटणं असलेले प्रोग्राम लिहिले जात होते. बटण दाबल्यावर काय करायचं हे सांगणाऱ्या छोट्या क्लासला ज्या खिडकीत बटण आहे तिची माहिती लागते. म्हणून इनर क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये कंपायलर गुपचूप एक धागा ठेवतो, ज्या ऑब्जेक्टच्या पोटात तो जन्मला त्याच्याकडे जाणारा. क्लास फाइल उघडून पाहिली तर हे छुपं फील्ड ‘धिस डॉलर शून्य’ या अर्थाच्या नावाने दिसतं. खिडकीच्या जगात ही सोय उत्तम होती, कारण खिडकी एका माणसाची असते आणि तिची फील्ड्सही त्या एकाचीच.

जेएसपी १९९९ मध्ये आलं. तिथे बाहेरचा क्लास म्हणजे पान, आणि सर्व्हरवर पानाचा ऑब्जेक्ट एकच असतो. शंभर विद्यार्थी एकाच वेळी अर्ज भरत असले तरी त्या एकाच ऑब्जेक्टच्या मेथडमधून शंभर थ्रेड धावतात. टॉमकॅट मुळात असे जास्तीत जास्त २०० थ्रेड ठेवतो. प्रत्येक थ्रेडची स्थानिक व्हेरिएबल्स वेगळी असल्यामुळे कुणाचं कुणात जात नाही. फील्ड मात्र सगळ्यांचं मिळून एक. एका पत्रपेटीवर दोनशे जणांनी आपापल्या घराचा पत्ता एकावर एक चिकटवावा आणि पोस्टमनने सगळ्यात वरचा वाचावा, तसं ते ‘ओ’ आहे.

कंपायलरने ‘आउट’ द्यायला नकार दिला होता, आणि त्या नकारात अत्यंत मोलाची माहिती होती: हे तुझ्या एका विनंतीचं आहे, त्याला तिच्या बाहेर नेऊ नकोस. मुलाने भिंत फोडली नाही, भिंतीला वळसा घातला. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. जेएसपी शिकवणाऱ्या किती वर्गांमध्ये जॅस्परने तयार केलेली जावा फाइल उघडून दाखवतात?

बुधवार, रात्री ८. उरले २८ तास.

चाचणी होते. एक तपासनीस, एक ब्राउझर, पाच टप्पे, सगळे पास.

गुरुवार, सकाळी १०. उरले १४ तास.

हेल्पलाइनवर पहिला फोन येतो. “ताई, उत्पन्नाचा तक्ताच येत नाहीये, पान अर्धवट आहे.” पलीकडून ठरलेलं उत्तर जातं: “पान रिफ्रेश करा.” तक्ता येतो. तक्रार बंद.

झालं ते असं. पहिल्या मुलीच्या थ्रेडने ‘ओ’मध्ये स्वतःचं ‘आउट’ ठेवलं आणि तो डेटाबेसकडून उत्पन्नाच्या नोंदी यायची वाट पाहत थांबला. तेवढ्यात दुसऱ्या एका मुलाची विनंती आली, त्याच्या थ्रेडने ‘ओ’मध्ये त्याचं ‘आउट’ ठेवलं. पहिलीच्या नोंदी आल्या, ‘तक्ता’ने त्या ‘ओ’वर लिहिल्या, आणि त्या दुसऱ्याच्या पानात जाऊन पडल्या. पहिलीला तक्ता नाही. दुसऱ्याला दोन तक्ते, त्यातला एक परका. त्याने फोन केला नाही. घाईत असलेला माणूस आपल्या पानावरचा जादा तक्ता वाचत बसत नाही.

लॉगमध्ये त्या सकाळी ‘स्ट्रीम क्लोज्ड’ अशा काही नोंदी उमटल्या आहेत. दुसऱ्याचं उत्तर पाठवून झालं होतं, रायटर मिटला होता, आणि पहिलीचा थ्रेड त्या मिटलेल्या रायटरवर लिहायला गेला. सर्व्हरच्या लॉगमध्ये अशा नोंदी पाहायची सवय असते. कुणीतरी ब्राउझर मध्येच बंद केला असेल असं समजून त्या सोडून दिल्या जातात.

गुरुवार, दुपारी १. उरले ११ तास.

एक पालक मोबाइलवर पानाचं चित्र पाठवतात. मुलाच्या नावाखाली दुसऱ्याच कुणाच्या वडिलांचं नाव, उत्पन्न आणि दाखल्याचा क्रमांक.

टीममध्ये पाच मिनिटं चर्चा होते. अर्ज गावातल्या नेट कॅफेत भरला आहे. आधीच्या मुलाने लॉग आउट केलं नसेल, त्याचं पान ब्राउझरने साठवून ठेवलं असेल. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, कारण ते खरोखर पुष्कळदा खरं असतं. शिवाय त्यात चूक आपली नसते.

इथे एक जुनी घटना आठवते. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानात लोकांना परक्यांच्या खात्याची पानं दिसू लागली. व्हाल्व्ह कंपनीने नंतर सांगितलं की सुमारे दीड तासात अंदाजे ३४,००० ग्राहकांच्या माहितीची पानं इतरांना दिसली असण्याची शक्यता आहे. कारण निराळं होतं, कॅशची चुकीची मांडणी. पण माझं पान तुझ्या पडद्यावर येण्याचा प्रकार तोच, आणि सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं तेही तेच, की गडबड आपल्याच ब्राउझरची असेल.

गुरुवार, दुपारी २:३०. उरले साडेनऊ तास.

पानावरच्या सूचनेत हेल्पलाइनचा क्रमांक चुकीचा छापला आहे. तो थेट चालू सर्व्हरवरच्या फाइलमध्ये बदलला जातो. जेएसपीची ही लाडकी सोय: फाइल बदला, सर्व्हर बंद करायला नको. जॅस्पर मूळ मांडणीत डेव्हलपमेंट स्थितीत चालतं आणि फाइल बदलली आहे का हे दर काही सेकंदांनी पाहतं. बदललेली दिसली की पान नव्याने कंपायल होतं.

आणि अर्ज अर्धवट भरून बसलेला प्रत्येक जण एरर ५०० वर आदळतो. लॉगमधला मजकूर वाचून टीम लीड मॅडम चष्मा पुसून पुन्हा वाचतात: क्लासकास्ट एक्सेप्शन, ‘अर्ज’चं रूपांतर ‘अर्ज’मध्ये करता येत नाही. दोन्ही नावं अक्षरशः सारखी.

जावात क्लासची ओळख नुसत्या नावावर ठरत नाही. नाव आणि तो क्लास ज्याने आत आणला तो क्लास लोडर, दोन्ही मिळून ओळख. जॅस्पर प्रत्येक पानाला स्वतंत्र क्लास लोडर देतं. पान बदललं की जुना लोडर सोडून नवा घेतं, म्हणूनच तर सर्व्हर बंद न करता पान बदलता येतं. ‘अर्ज’ पानाच्या पोटात असल्यामुळे तोही नव्याने जन्मला. सेशनमध्ये पडून असलेले अर्ज जुन्या लोडरचे, त्यांना मागणारं पान नव्या लोडरचं. जावा ११ पासून अशा निरोपात लोडरचं नावही छापलं जातं, जावा ८ मध्ये नाही. मॅडमच्या हाती नुसतं कोडं आलं.

हा ‘अर्ज’ स्वतःच्या वेगळ्या जावा फाइलमध्ये, वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरमध्ये असता, तर तो पानाच्या लोडरचा नसता, सगळ्या अॅप्लिकेशनच्या लोडरचा असता. पान दिवसातून दहादा बदललं तरी सेशनमधल्या अर्जांना काही झालं नसतं.

गुरुवार, दुपारी ३:१५. उरले पावणेनऊ तास.

“रीस्टार्ट करून बघू या, मॅडम.”

रीस्टार्ट होतो आणि एरर जाते. मला हा तास सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात चुकीची गोष्ट शिकली गेली.

बंद होताना टॉमकॅट चालू सेशन एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि उठल्यावर परत वाचतो. लिहिताना तो प्रत्येक ऑब्जेक्टला विचारतो, तू सीरिअलायझेबल, म्हणजे बाइटमध्ये उतरवून ठेवण्याजोगा, आहेस का? ‘अर्ज’ तसा नाही. टॉमकॅट त्याला निमूट वगळतो. मुलं लॉगिन झालेलीच राहतात, अर्ज मात्र सेशनमधून नाहीसा होतो. अर्ज सापडला नाही तर कोरा नवा घ्यायचा, अशी ओळ पानात आहेच. त्यामुळे एररऐवजी पहिल्या टप्प्याचा रिकामा फॉर्म दिसतो. चौथ्या टप्प्यापर्यंत आलेल्या मुलीला सगळं पुन्हा भरायचं आहे. काही जण तिथेच नाद सोडून रात्री निवांत भरू म्हणतात.

टीमने नोंद केली: ‘रीस्टार्टने सुटतं.’ दुपारची गर्दी रात्रीवर ढकलली गेली, याची नोंद कुठे झाली नाही.

गुरुवार, संध्याकाळी ७. उरले ५ तास.

सर्व्हर मंदावतो. शेजारी दुसरा सर्व्हर उभा करून सेशन दोघांत वाटून घ्यावं असा प्रस्ताव येतो. चाचणी सर्व्हरवर करून पाहतात. क्लस्टरमध्ये सीरिअलायझेबल नसलेली वस्तू टॉमकॅट सेशनमध्ये ठेवूच देत नाही. म्हणून ‘अर्ज’ला ‘इम्प्लिमेंट्स सीरिअलायझेबल’ हे दोन शब्द जोडले जातात. आता छुपा धागा पुढे येतो. ‘अर्ज’ लिहायचा तर त्याने धरून ठेवलेलं अख्खं पानही लिहावं लागतं. पान सर्व्हलेट असल्याने वारशाने स्वतःला सीरिअलायझेबल म्हणवतं, पण त्याच्या फील्ड्समध्ये ‘ओ’ आहे आणि रायटर तसा नाही. नॉटसीरिअलायझेबल एक्सेप्शन येतं. ‘अर्ज’ स्टॅटिक केल्याने धागा सुटतो. मग पलीकडचा सर्व्हर ओरडतो की असा क्लासच मला माहीत नाही. आलेले बाइट तो अॅप्लिकेशनच्या लोडरने उलगडतो, आणि पानाच्या लोडरमधले क्लास त्या लोडरला दिसत नाहीत.

एकामागून एक तीन नकार, आणि तिन्हींचा अर्थ एकच होता: हा क्लास पानात राहण्याजोगा नाही. सात वाजता, मुदतीच्या रात्री, हे ऐकायला कुणाला सवड नव्हती. प्रस्ताव बारगळतो.

गुरुवार, रात्री ९. उरले ३ तास.

मेमरी चढते आहे. संध्याकाळभर सूचनेतल्या ओळी तीनदा बदलल्या आहेत. दर बदलाला सेशनमधले जुने अर्ज त्यांचे जुने क्लास धरून बसले, ते क्लास त्यांचे लोडर धरून बसले. सेशनची मुदत अर्ध्या तासाची असते, त्यामुळे ती संपली की हे ओझं उतरतं. टीमचं सगळं लक्ष आता या आलेखावर आहे. त्या रात्रीचं संकट तिथे नाही.

गुरुवार, रात्री ११. उरला १ तास.

आता सगळे एकदम आले आहेत. सकाळी ‘ओ बरोबर आउट’ आणि तक्त्याची छपाई यांत क्षणभराचं अंतर होतं, कारण डेटाबेस मोकळा होता. आता प्रत्येक चौकशीला सेकंद-दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ ‘ओ’ उघड्यावर असतं आणि त्या वेळात कित्येक थ्रेड त्यावर आपलं नाव लिहून जातात. गर्दी वाढली की डेटाबेस मंदावतो, डेटाबेस मंदावला की सरमिसळ वाढते, अर्धवट पान पाहून मुलं रिफ्रेश करतात, गर्दी आणखी वाढते.

सकाळी ही तुरळक चूक होती, अकरा वाजता ती नेहमीची झाली आहे. आणि पावतीचा टप्पाही याच ‘तक्ता’ने छापला जातो. पावतीवर नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, जातीचा तपशील, बँकेचा खाते क्रमांक. मुलं पावती छापून घेतात, पीडीएफ करून ठेवतात, वडिलांना पाठवतात. दोन पावत्या एकाच बफरमध्ये एकाच वेळी लिहिल्या गेल्या तर अक्षरं एकमेकांत घुसतात. तसं झालं तर निदान कागद बिघडलेला दिसतो. पण बहुतेक वेळा स्वच्छ, नीट वाचता येणारी परकी पावती येते.

रात्री ११:४१. उरली १९ मिनिटं.

टीममधली एक मुलगी, जिचा या पोर्टलशी रोजचा संबंध नाही, विचारते, “जॅस्परने बनवलेली फाइल कुणी पाहिली का?” टॉमकॅटच्या वर्क फोल्डरमध्ये खोल कुठेतरी ती असते. ती उघडतात. क्लासच्या पहिल्या काही ओळींत, सगळ्या मेथडींच्या बाहेर, ‘जेएसपीरायटर ओ’ उभं आहे. मूळ जेएसपीत ते हजारो ओळींत हरवलेलं होतं. इथे ते कुठे आहे हे जागेवरूनच कळतं. मॅडमना उलगडायला अर्धं मिनिटही लागत नाही. दुपारी एकचं ते चित्र नेट कॅफेचं नव्हतं.

रात्री ११:५२. उरली ८ मिनिटं.

करता काय येईल? पॅरामीटर घालून सगळ्या मेथडी दुरुस्त करायला आठ मिनिटं पुरणार नाहीत. पानाच्या माथ्यावर एक जुनी सूचना लिहिता येते, ‘इज थ्रेडसेफ बरोबर फॉल्स’. मग टॉमकॅट त्या पानात एका वेळी एकच विनंती सोडतो, बाकीच्या दाराबाहेर रांगेत. तिच्यामागची सिंगल थ्रेड मॉडेलची कल्पना सर्व्हलेटच्या २.४ आवृत्तीने, २००३ मध्येच, टाकाऊ ठरवली होती, आणि ६.० आवृत्तीत ती काढूनही टाकली. टॉमकॅट ९ मध्ये ती अजून चालते. सरमिसळ त्या क्षणी थांबेल.

पण सूचना लिहिणं म्हणजे पान बदलणं. पान बदललं की नवा लोडर, आणि अर्धवट अर्ज भरणारा प्रत्येक जण पुन्हा ‘अर्ज’चं ‘अर्ज’ होत नाही या भिंतीवर. जे त्यातून वाचतील ते एकेरी रांगेत, बाराच्या आत ज्यांचा नंबर लागणार नाही. बदल केला तर मुदत हुकते. न केला तर पुढची आठ मिनिटं, दिवसातली सगळ्यात गर्दीची, माणसांची खाती आणि जाती परक्यांच्या हातात जात राहतात.

एक जण हळूच म्हणतो, “आठच मिनिटं आहेत, मॅडम.” डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती राखण्यात हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, याची आठवणही कुणीतरी करून देतो. मॅडमचं बोलणं दंडावर जात नाही. “मुदत वाढवून मागता येईल,” त्या म्हणतात, “पावत्या परत मागता येणार नाहीत.” त्या फाइल जतन करतात.

माझ्या मते त्या दिवसभरातला हा एकमेव निर्णय होता जो माहिती पूर्ण हाती घेऊन झाला, आणि तो बरोबर होता.

रात्री १२.

तारखेची अट पानातच लिहिलेली आहे. घड्याळ पुढे सरकतं आणि रांगेत उभ्या असलेल्यांना ‘मुदत संपली आहे’ ही ओळ एकामागून एक मिळते.

शुक्रवार, सकाळी.

दुरुस्तीला फार वेळ लागत नाही. ‘अर्ज’ स्वतःच्या फाइलमध्ये जातो, सीरिअलायझेबल होतो. ‘तक्ता’ही वेगळा होतो, त्याच्या प्रत्येक मेथडला ‘आउट’ हाताने दिलं जातं. ‘ओ’ची ओळ पुसली जाते. मुदतवाढीचं पत्र दुपारपर्यंत निघतं.

कठीण आहे ते हे: कुणाची माहिती कुणाकडे गेली? सर्व्हर आत काय छापलं ते लिहून ठेवत नाही. अॅक्सेस लॉगमध्ये मात्र दर उत्तराचे बाइट नोंदलेले असतात. ज्याचा तक्ता गेला त्याचं पान नेहमीपेक्षा लहान, ज्याला जादा मिळाला त्याचं मोठं. एकाच वेळेच्या आसपासचं एक लहान आणि एक मोठं उत्तर शोधायचं, ते डेटाबेसमधल्या टप्प्यांच्या वेळांशी ताडून पाहायचं, आणि दोन रकान्यांची यादी करायची: माहिती कुणाची, पोचली कुणाकडे. मूळ मांडणीतल्या लॉगमध्ये सेशनचा क्रमांक नसतो, त्यामुळे दुसरा रकाना ठिकठिकाणी रिकामा राहतो. ज्यांचा पहिला रकाना भरला आहे, त्यांना आधी फोन करायचे असं ठरतं. हेल्पलाइनवरच्या मुली याद्या वाटून घेतात आणि पहिला क्रमांक फिरवतात.